संमती म्हणजे अंगठा नव्हे

आपल्या समाजाचा कागदाशी पहिला संबंध आला तो सहीमुळे नव्हे, अंगठ्यामुळे. सावकाराने कागद पुढे करावा, त्यात काय लिहिले आहे हे त्यानेच सांगावे, आपला अंगठा त्यानेच धरून शाईत बुडवावा आणि पुढे तोच कागद आपल्याविरुद्ध कचेरीत उभा राहावा, हा अनुभव आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला नवा नव्हता. म्हणूनच सही करता येणे ही आपल्याकडे केवळ साक्षरता मानली गेली नाही. ती माणूसपणाची खूण मानली गेली. परंतु सही करता आली म्हणजे संमती देता आली, असे होते काय? अक्षरे येणाऱ्याची सही म्हणजे संमती आणि न येणाऱ्याचा अंगठा म्हणजे फसवणूक, इतका हा प्रश्न सोपा आहे काय? या प्रश्नाचा विचार मला दम्याविषयीच्या एका वैद्यकीय अभ्यासामुळे करावा लागला. तो विचार वाचकांपुढे ठेवीत आहे.

आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. त्यामुळे घरातल्या आणि शेजारच्या कोणाही पुढे कागद आला की तो फिरत फिरत माझ्याकडे येतो. रेशनकार्डाचा अर्ज, बँकेचे पत्र, जातीच्या दाखल्याचे प्रतिज्ञापत्र, सगळे मी वाचून दाखवते. नाशिकला गंगापूर रोडवर मी राहते. या रस्त्याच्या एका अंगाला गोदावरी आहे. रस्त्यावर महाविद्यालये आहेत, बंगले आहेत, नव्या इमारतींची बांधकामे आहेत. आणि त्या बंगल्यांत धुणीभांडी करणाऱ्या व त्या बांधकामांवर घमेली उचलणाऱ्या बायकांच्या वस्त्याही आहेत. अशाच एका वस्तीतला अकरा वर्षांचा मुलगा माझ्या वर्गात आहे. त्याला दमा आहे. वर्गात खडूने फळा भरला की तो मागच्या बाकावर जाऊन बसतो, हे मी पाहते. त्याची आई चार घरची कामे करते. तिला वाचता येत नाही.

या बाईला एका खाजगी रुग्णालयात विचारण्यात आले, की श्वास मोजणाऱ्या नव्या यंत्रांचा अभ्यास चालू आहे, त्यात मुलाला घालता का? मुलाने सकाळ-संध्याकाळ एका नळीत जोराने फुंकायचे. आकडा फोनमार्फत रुग्णालयात जाणार. औषधाच्या पंपाला एक छोटी कळ बसवायची. पंप केव्हा घेतला त्याची नोंद ती करणार. रात्री फोन उशाशी ठेवायचा. खोकला किती वेळा आला ते तो ऐकणार. हे सहा महिने करायचे. कागद दहा पानांचा होता. आईला वाचता येत नसल्यामुळे, अभ्यासाशी संबंध नसलेला, वाचता येणारा, निःपक्ष साक्षीदार सर्व वेळ हजर असावा आणि त्यानेही सही करावी, असा नियम आहे. ती बाई माझ्याकडे आली आणि म्हणाली, “बाई, तुम्ही म्हणाल तसं. तुम्ही म्हणालात कर, तर करते अंगठा.”

येथेच प्रश्न सुरू होतो. नियम मला निःपक्ष म्हणतो. पण जिच्या शब्दावर आई डोळे मिटून अंगठा देते ती शिक्षिका निःपक्ष कशी? सावकाराच्या जागी बाई बसल्या, एवढाच फरक व्हायचा.

प्रथम दुखण्याविषयी. दम्यात फुप्फुसांकडे जाणाऱ्या बारीक नळ्या सुजतात, त्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आत कफ साचतो. आणि आत घेतलेली हवा बाहेर काढणे कठीण होते. धूळ, चुलीचा धूर, डासांच्या कॉइलचा धूर, परागकण, थंड हवा, सर्दी, यांपैकी कशानेही ते उसळते. हा विटाळाचा रोग नव्हे, लागणही नव्हे, पूर्वजन्मीचे फळ तर नव्हेच नव्हे. २०१९ सालच्या जागतिक रोगभाराच्या हिशेबाप्रमाणे आपल्या देशात साडेतीन कोटींच्या आसपास दमेकरी आहेत. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या पुढाकाराने १ फेब्रुवारी २०११ या एकाच दिवशी देशभरातील ८८० गावा-शहरांत डॉक्टरांकडे आलेल्या २,०४,९१२ रुग्णांची नोंद करण्यात आली; त्यांतील निम्म्याहून अधिकांची तक्रार श्वसनाशी निगडित होती. इतके असूनही आपल्याकडे ‘पंप लागला की सुटत नाही’ म्हणून पंप लपवतात, मुलीचा दमा सोयरिकीत लपवतात, आणि मृगाच्या सुमारास हैदराबादला जाऊन औषध भरलेला जिवंत मासा गिळतात किंवा कोजागिरीच्या रात्री दम्याचे औषध घातलेली खीर खातात. त्या माशाविषयी कोणी एक प्रश्न विचारीत नाही. तेव्हा ज्या अभ्यासात प्रश्न विचारण्याची मुभा आहे, त्याची आपण आधी कदर केली पाहिजे.

श्वास मोजणे ही गोष्टही नवी नाही. हवा किती वेगाने बाहेर पडते ते दाखवणारा पीक फ्लो मीटर मार्टिन राइट यांनी १९५९ साली पुढे आणला. आज त्याची साधी प्लास्टिकची नळी मिळते. उपयोग असा, की दम्याचा झटका पुष्कळदा एकदम येत नाही. आधी काही दिवस हा आकडा खाली येऊ लागतो. माणसाला धाप जाणवण्यापूर्वी नळीला ती कळते. स्वतःच्या उत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांच्या वर असलो तर ठीक, खाली आलो तर सावध, ५० टक्क्यांच्या खाली गेलो तर तातडीने उपचार, असा ढोबळ हिशेब डॉक्टर लावून देतात. नवी यंत्रे हेच काम आपोआप, रोज आणि फोनवर करू पाहतात. ती खरोखरच उपयोगी आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी अभ्यास लागतो आणि अभ्यासाला दमेकरी लागतात.

परंतु एक भेद आरंभीच स्पष्ट केला पाहिजे. उपचार हा मुलासाठी असतो. अभ्यास हा, मुलाला त्यातून काही लाभ झाला तरी, मुख्यतः पुढे येणाऱ्या अनोळखी रुग्णांसाठी असतो. अभ्यासात कोणाला नवे यंत्र मिळेल आणि कोणाला जुनीच नळी, हे पुष्कळदा डॉक्टर ठरवीत नाहीत. त्या दहा पानांच्या मराठीत याला ‘यादृच्छिकीकरण’ असा शब्द होता. मी पदवीधर असून मला तो दोनदा वाचावा लागला. त्या बाईला मी म्हटले, “भिशीत चिठ्ठी काढतो ना, तसं.” ती लगेच म्हणाली, “म्हंजे माझ्या पोराच्या नावाची चिठ्ठी निघंलच असं नाही.” एका वाक्यात तिला जे कळले ते दहा पानांना सांगता आले नव्हते. अडाणी कोण होते, आई की कागद?

आता या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे समाजात ऐकू येतात. पहिले उत्तर: डॉक्टर शिकलेले आहेत, ते सांगतात ते भल्याचेच असणार, अंगठा देऊन मोकळे व्हावे. दुसरे उत्तर: गरिबांवरच प्रयोग करतात, आपण उंदीर नाही, साफ नाही म्हणावे. मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात.

दुसऱ्या उत्तरामागची भीती खोटी नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. अमेरिकेत अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सुमारे सहाशे गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर उपदंशाचा अभ्यास चालला. त्यांतील रोगी असलेल्यांना रोगाचे खरे नाव सांगितले नाही आणि पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते दिले नाही. आपल्या देशात २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम व गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीचा प्रकल्प झाला. मुली दहा ते चौदा वर्षांच्या होत्या, पुष्कळशा आदिवासी वसतिगृहांतल्या. काही मुलींच्या मृत्यूनंतर एप्रिल २०१० मध्ये तो थांबविण्यात आला. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध दिसला नाही; पण दुसरेच काही दिसले. आंध्रमधील ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर आईबापांच्या नव्हे, तर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ सालच्या अहवालात त्यावर कडक ताशेरे ओढले. शिक्षकी पेशातल्या माणसाने हा आकडा डोळ्यांआड करू नये. मुलांच्या वतीने ‘हो’ म्हणण्याची सवय सर्वांत आधी आपल्याच पेशाला लागते.

असे असूनही ‘साफ नाही’ हे उत्तर मला पटत नाही. त्याचे कारण श्वास मोजण्याच्या इतिहासातच आहे. लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली फुप्फुसातील हवा मोजणारे यंत्र प्रसिद्ध केले. दोन हजारांहून अधिक माणसांचा श्वास त्यांनी मोजला होता. थोड्याच वर्षांत ते यंत्र अमेरिकेतील गुलामगिरीचा कैवारी असलेल्या सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरच्या हाती गेले. गुलामांची फुप्फुसे जन्मतःच कमी कुवतीची आणि म्हणून सक्तीचे श्रम त्यांच्या हिताचेच, असा सिद्धांत त्याने त्या आकड्यांतून काढला. गुलामगिरी कायद्याने गेली, तरी कृष्णवर्णीयांच्या श्वासाचे ‘योग्य प्रमाण’ दहा ते पंधरा टक्के खाली धरण्याचा प्रघात यंत्रांत राहिला. म्हणजे एखाद्या कृष्णवर्णीय कामगाराची फुप्फुसे खरोखर बिघडली, तरी यंत्र म्हणे, ‘तुझ्यासारख्यांना एवढेच असते.’ वंशावरून प्रमाण ठरविण्याची ही पद्धत सोडून द्यावी, अशी शिफारस अमेरिकेतील श्वसनतज्ज्ञांच्या संघटनेने केली ती २०२३ साली.

रक्तातला प्राणवायू बोटावरून मोजणारे यंत्र कोरोनाच्या काळात आपल्या घरोघरी पोचले. डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असे आढळले, की यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवीत असताना प्रत्यक्षात प्राणवायू धोक्याइतका कमी असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के होते. यंत्राला जात नसते हे खरे. पण यंत्र ज्यांच्यावर तपासले जाते त्यांचीच ओळख त्याला असते. आणि श्वासाच्या प्रमाणाची जागतिक कोष्टके २०१२ साली तयार झाली, तेव्हा भारतीय उपखंडासाठी वेगळा गट त्यांत करता आला नाही. एकमेकांशी जुळणारी पुरेशी मोजमापेच हाती नव्हती. जगातल्या दर पाच माणसांमागे जवळजवळ एक या भूमीवर श्वास घेतो, तरी त्याच्या श्वासाला कोष्टकात स्वतंत्र जागा नव्हती. मग या कोष्टकांवर चालणारे यंत्र गोदाकाठच्या वस्तीतल्या, चुलीच्या धुरात वाढलेल्या मुलाला बरोबर ओळखील, हे कशावरून?

म्हणजे आपण मोजले गेलो तरी धोका आणि मोजले गेलो नाही तरी धोका. यातून वाट कोणती? ती वाट आपल्याला नवी नाही. १९०१ च्या खानेसुमारीच्या सुमारास रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने नाकांची मापे घेऊन जातींची उतरंड वंशावर बसविण्याचा उद्योग केला. बाबासाहेबांनी १९४८ सालच्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात काय केले? मोजमापच वाईट असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी मापांचीच कोष्टके पुढे घेतली, प्रांतवार लावली आणि दाखवून दिले की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांच्या नाकांची मापे वेगळा वंश सिद्ध करीत नाहीत. अस्पृश्यतेला वंशाचा आधारच नाही. ज्या आकड्यांची बेडी केली होती त्याच आकड्यांची त्यांनी कानस केली. धडा असा, की मोजमापाला पाठ दाखवू नये. मोजमाप कोण करतो, कशासाठी करतो आणि त्याचा अर्थ कोण लावतो, हे विचारण्याची ताकद मिळवावी.

आता मूळ नैतिक प्रश्नाकडे येऊ. पंचशीलातील दुसरे शील आपण नित्य म्हणतो. त्याचा अर्थ मुलांना सांगताना आपण ‘चोरी करू नये’ एवढाच सांगतो. पण शब्द पाहा. शील ‘चोरी’ म्हणत नाही. ते ‘अदिन्नादान’ म्हणते, म्हणजे जे दिलेले नाही ते घेणे. हा फरक बारीक आहे, पण त्यात सगळे आले. चोरीत घेणाऱ्याचा हेतू पाहावा लागतो. अदिन्नादानात देणाऱ्याकडे पाहावे लागते: त्याने दिले होते काय? घेणारा सज्जन असेल, विद्वान असेल, जगाचे भले करणारा असेल. तरीही समोरच्याने दिले नसेल तर ते घेणे शीलाविरुद्ध आहे. आणि ‘दिले’ असे केव्हा म्हणता येईल? आपण काय देत आहोत हे देणाऱ्याला ठाऊक असेल, आणि न देण्याची त्याला खरी मोकळीक असेल, तेव्हाच. या दोहोंपैकी एक जरी नसले, तरी दहा पानांवर दहा अंगठे उमटले तरी ते दिलेले नव्हे. सावकाराजवळ अंगठा होता. जमीन मात्र त्याला दिलेली नव्हती.

पण शील दुधारी असते. ते आपल्यालाही लागू आहे. दम्याच्या झटक्यात ज्या निळ्या पंपाने मुलाचा जीव भांड्यात पडतो, त्यातले साल्ब्युटामोल १९६९ साली बाजारात आले. ते बाजारात येण्यापूर्वी कोणी तरी माणसांनी ते स्वतःवर तपासू दिले. त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत. त्यांनी दिले म्हणून आपण घेतो. मग ‘आम्ही नेहमी घेऊ, देणार मात्र कधीच नाही’ ही भूमिका न्यायाची ठरेल काय? आजारी भिक्खूची शुश्रूषा तथागतांनी स्वतः केल्याचा प्रसंग विनयपिटकात आहे. आजाऱ्याची सेवा हा धम्माचा भाग असेल, तर पुढच्या आजाऱ्याला बरे वाटावे म्हणून आपला श्वास मोजू देणे हेही त्याच सेवेचे रूप आहे. ते दान आहे. पण दान मागता येते, उकळता येत नाही. ते न करणाऱ्याला पापी म्हणता येत नाही आणि करणाऱ्याला भोळा समजता येत नाही.

कोणी म्हणेल, हे सर्व ठीक. पण गरिबाला मोकळीक असते तरी कुठे? अभ्यासात गेले तर छातीचा डॉक्टर फुकट तपासतो, औषध मिळते, जाण्यायेण्याचे भाडे मिळते. ज्या बाईचा एक खाडा म्हणजे एक दिवसाचा पगार, तिचा ‘हो’ मोकळा कसा मानायचा? हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. त्याचे पूर्ण समाधान माझ्याजवळ नाही. एवढे मात्र दिसते, की यावर गरिबांना अभ्यासातून वगळणे हा उपाय नव्हे. तसे केले तर यंत्रे पुन्हा बंगल्यातल्या श्वासावरच तयार होतील. उपाय दुहेरी आहे. एक, सरकारी दवाखान्यात पंप आणि साधी नळी नियमित मिळालीच पाहिजे, म्हणजे उपचारासाठी अभ्यासाचे दार ठोठावावे लागणार नाही. ही मागणी संशोधकांकडे नव्हे, शासनाकडे करायची आहे. दुसरे, ‘नाही’ म्हटल्याने किंवा मध्येच सोडून गेल्याने चालू उपचारात तसूभरही फरक पडणार नाही, हे डॉक्टरांनी साक्षीदारासमोर तोंडी सांगावे. कागदावर ते लिहिलेले असतेच. पण गरिबाला कागदापेक्षा तोंडाचा विश्वास वाटतो, आणि तोंडी सांगताना सांगणाऱ्याचा चेहरा दिसतो.

त्या बाईला मी ‘कर’ म्हटले नाही आणि ‘करू नको’ही म्हटले नाही. मी म्हटले, आपण हे तीनदा वाचू. संघात महत्त्वाचा ठराव तीनदा पुकारला जाई, कोणाला हरकत असेल तर त्याला बोलायला अवसर मिळावा म्हणून. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात संघाच्या या सभापद्धतीचा अभिमानाने उल्लेख केला होता. त्रिसरण आपण तीनदा म्हणतो ते उगीच नव्हे. पहिल्या वेळी कान ऐकतात, दुसऱ्या वेळी मन ऐकते, तिसऱ्या वेळी शंका तोंड उघडते. आम्ही तीन संध्याकाळी बसलो. पहिल्या दिवशी ती फक्त मान हलवीत होती. तिसऱ्या दिवशी तिने तीन प्रश्न विचारले. यंत्र मोडले तर पैसे कोण भरणार? सहा महिन्यांनी यंत्र परत नेणार, मग पोराचे काय? आणि रात्री दोनला आकडा खाली आला तर तिकडे जागे कोण असते?

या तिसऱ्या प्रश्नाचे मोल वाचकांनी ओळखावे. औषधाच्या चाचणीत अपाय औषधाचा असतो. यंत्राच्या अभ्यासात मोठा अपाय खोट्या भरवशाचा असतो. यंत्र पाहते आहे म्हणून आई निर्धास्त झोपते आणि आकडा मात्र कुठल्याशा संगणकात पडून राहतो, असे होऊ शकते. माझाही एक प्रश्न होता. घर एका खोलीचे. उशाशी ठेवलेला फोन खोकला ऐकणार, तेव्हा नवराबायकोचे भांडण ऐकणार नाही काय? दिवाणखाना आणि झोपण्याच्या खोल्या असलेल्या घरात बसून ज्यांनी यंत्र आखले, त्यांना हा प्रश्न पडला नसेल. त्यात त्यांची दुष्टबुद्धी नाही, त्यांच्या घराचा नकाशा आहे. आणि मुलालाही विचारले. सात वर्षांवरील मुलाला त्याच्या भाषेत सांगून त्याचा होकार घ्यावा, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. तो म्हणाला, “माझा आकडा वर्गात कळणार का?”

हे पाचही प्रश्न लिहून दिले. उत्तरे आली ती स्वच्छ होती. मोडतोडीचा खर्च घरच्यांवर नाही. यंत्र परत जाईल, साधी नळी मुलाजवळ राहील. रात्री आकडे कोणी पाहत नाही. ते आठवड्यातून एकदा पाहिले जातात, म्हणून झटका आला तर यंत्राकडे न पाहता पंप घेऊन दवाखाना गाठावा. आवाजाची नोंद नको असेल तर ती वगळूनही अभ्यासात राहता येईल. आकडे शाळेला कळविले जाणार नाहीत. ही उत्तरे कागदाला जोडण्यात आली. त्यानंतर तिने स्वतः ठरवले, मुलाने मान डोलावली, आवाजाची नोंद वगळली आणि अंगठा दिला. मी साक्षीदार म्हणून सही केली. अंगठा तोच होता. पण या खेपेला त्यामागे तीन संध्याकाळी आणि पाच उत्तरे होती. तो अडाण्याचा अंगठा नव्हता, तो दात्याचा अंगठा होता. उलट मी कितीतरी पदवीधरांना पाहते, की फोनवर काही उघडताना ‘मान्य आहे’ या चौकोनावर ते न वाचता बोट टेकवतात. सहीचे सामर्थ्य असून ते अंगठाबहाद्दरच राहतात.

आपल्यातील शिकलेल्यांनी येथे काय करावे, ते आता सांगते. अभ्यासाला बोलावणे आले तर पहिली गोष्ट, त्याची नोंद विचारावी. २००७ पासून ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री’ या नावाची सार्वजनिक नोंदवही देशात आहे आणि ती कोणालाही संगणकावर पाहता येते. तेथील मजकूर बहुतेक इंग्रजीत असतो. तो वाचून मराठीत सांगणे हे तुमचे काम. दुसरी गोष्ट, चार बाबी विचाराव्यात: अपाय झाला तर उपचार आणि भरपाई कोण देणार, अभ्यास संपल्यावर काय उरणार, माहिती कोणाजवळ राहणार आणि निष्कर्ष आम्हाला सांगणार की नाही. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. २०१९ च्या नियमांप्रमाणे औषधांच्या चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या नीतिमत्ता समितीत, म्हणजे एथिक्स कमिटीत, किमान सात सभासद लागतात. त्यांत एक सामान्य नागरिक, एक स्त्री, एक कायदा जाणणारा असावा लागतो आणि निम्मे तरी सभासद त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात. ही सामान्य नागरिकाची खुर्ची कोणासाठी आहे? एका खोलीत फोन काय काय ऐकतो हे ज्याला पुस्तकातून नव्हे, अंगावरून माहीत आहे, त्याच्यासाठी ती आहे. आपले शिक्षक, वकील, परिचारिका, कारकून यांनी त्या खुर्चीवर हक्क सांगावा. कागद तयार झाल्यावर प्रश्न विचारण्यापेक्षा तो तयार होताना विचारलेला प्रश्न शंभर आयांच्या उपयोगी पडतो.

आणि साक्षीदाराने? साक्षीदाराने एवढेच ध्यानात ठेवावे, की त्याची सही अंगठ्याला आधार देण्यासाठी नाही. ‘मी येथे होतो, हिला समजले हे मी पाहिले, आणि ही नाही म्हणू शकली असती’ अशी ती ग्वाही आहे. यांतले शेवटचे वाक्य खरे नसेल, तर साक्षीदाराने लेखणी खाली ठेवावी, मग समोर कितीही मोठा डॉक्टर असो. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याचा ‘हो’ हा होकार नसतो. तो जोहार असतो. जोहार आपण टाकून दिला. तो दवाखान्याच्या दारात पुन्हा उचलू नये.